भागधारकाला मिळतो तेवढा हिशेब पालकालाही द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद जळगाव, धुळे आणि नंदुरबार

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त मुख्याध्यापिका. नोकरीची सुरुवात सातपुड्यात, धडगाव तालुक्यात झाली आणि शेवटची वर्षं अंमळनेर तालुक्यात गेली. माझी नात आज गावातल्या जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकते. हे पत्र एका मागणीसाठी लिहिते आहे, ती आधीच सांगते. तिन्ही जिल्ह्यांतली कुठलीही प्राथमिक शाळा एखाद्या कंपनीकडे, तिच्या फाउंडेशनकडे किंवा तिने नेमलेल्या संस्थेकडे सोपवायची असेल, दत्तक म्हणून, नाव देण्यासाठी किंवा उद्या थेट चालवायला, तर करारावर सही होण्याआधी तो त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. नंतर दरवर्षी शाळेत काय आलं, कितीचं आलं, किती मुलं वाढली आणि किती गळाली, हे कंपनीच्या माणसाने गावासमोर उभं राहून सांगावं. करारात एवढं लिहिलेलं नसेल, तर तुम्ही सही करू नये.

आपण सप्टेंबर २०२३ विसरला नसाल. त्या महिन्याच्या ६ तारखेला खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला. १८ तारखेला शाळा दत्तक योजनेचा निघाला. त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवणारं पत्र आलं. नमुना म्हणून त्यात पानशेतच्या जोडीला आपल्या तोरणमाळचं नाव होतं. कंत्राटी भरतीचा निर्णय राज्यभर ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. बाकीच्या दोन निर्णयांवर तेव्हा तालुक्याच्या पातळीवर जी चर्चा व्हायला हवी होती ती झाली नाही. शिक्षक संघटना बोलल्या, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. ज्यांची मुलं त्या शाळांत बसतात त्यांना कुणी विचारलं नाही.

दत्तक योजनेचे आकडे आपल्याला माहीत आहेत, पण पालकांनीही वाचावेत म्हणून इथे लिहिते. ग्रामीण भागातल्या शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना १ कोटी. मोठ्या महापालिकांत हेच आकडे २ कोटी आणि ३ कोटी आहेत. एवढ्या किमतीच्या वस्तू आणि सेवा दिल्या की देणगीदाराने सुचवलेलं नाव त्या मुदतीपुरतं शाळेच्या नावाला जोडता येतं. रोख रक्कम घ्यायची नाही, अशी अट आहे. प्रशासन शासनाच्याच हाती राहील, असंही तेव्हा सांगितलं गेलं.

रोख नको ही अट वरवर चांगली वाटते, पैसे खाल्ले जाणार नाहीत असं वाटतं. पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून पाहिलं तर अडचण दिसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीला एक मोठा अधिकार दिला आहे. शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा इतर कुठूनही आलेल्या अनुदानाच्या वापरावर तिने देखरेख ठेवायची आहे. 'इतर कुठूनही' हे कायद्यातच आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. पण पैसा शाळेच्या खात्यावर आलाच नाही, आल्या त्या वस्तू आणि 'सेवा', तर समितीने देखरेख ठेवायची कशावर? कंपनी म्हणेल, आम्ही बारा लाखांचं प्रशिक्षण दिलं. त्या प्रशिक्षणाची किंमत बारा लाख हे ठरवलं कुणी? बिल कुणाचं, दर कुणी तपासले? रावेर-यावलचा शेतकरी केळीचा घड काट्यावर चढल्याशिवाय गाडीत टाकू देत नाही. इथे आपण गावच्या शाळेचं नाव द्यायला निघालो आहोत आणि वजनाचा काटा घेणाऱ्याच्याच हातात आहे.

कंपन्या, उद्योगपती, खासगी पैसा यांचं आम्हा अंमळनेरकरांना वावडं नाही. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठजींच्या दातृत्वावर या गावात शाळा, कॉलेज, तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. प्रताप कॉलेज १९४५ चं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात याच गावात वनस्पती तेलाची एक कंपनी सुरू झाली, तिला आज जग विप्रो म्हणून ओळखतं. त्या काळी शेअर घेतलेल्या आणि जपून ठेवलेल्या माणसांची घरं अजून अंमळनेरात आहेत. त्या घरांत दरवर्षी कंपनीचा वार्षिक अहवाल येतो. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, संचालकांची नावं, त्यांचे पगार, सगळं त्यात असतं. भागधारकाकडे एकच शेअर असला तरी त्याला वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून प्रश्न विचारता येतो आणि अध्यक्षांना उत्तर द्यावं लागतं.

म्हणून मला विचारायचं आहे, ज्या बाईने आपलं सहा वर्षांचं मूल त्या शाळेत घातलं आहे, तिला यातलं काय मिळणार? तिची गुंतवणूक शेअरवाल्यापेक्षा कमी आहे का? उद्या ग्रामसभेत एखादी माउली उठली आणि तिने सरळ विचारलं, "ही शाया कोनी शे?", म्हणजे ही शाळा कुणाची आहे, तर तिला उत्तर द्यायला मंचावर कोण बसलेलं असेल?

आज कायद्यानुसार तिला काय मिळतं ते पाहू. माहिती अधिकार कायदा २००५ खासगी कंपनीला थेट लागू होत नाही. शासनाच्या पैशावर भरीव प्रमाणात चालणारी संस्था असेल, तर ती त्या कायद्याखाली येते. इथे उलट आहे, शाळा शासनाची आणि पैसा कंपनीचा. म्हणजे पालकाला अर्ज करायचा तो जिल्हा परिषदेकडे. जिल्हा परिषदेने स्वतःच कंपनीकडून कागद घेतलेला नसेल, तर "माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही" असं उत्तर येणार, आणि ते उत्तर खरं असणार. याचा इलाज तुमच्याच हातात आहे. करारात लिहून घ्या की शाळेसंबंधीची सगळी बिलं, नेमणुका, मूल्यमापनाचे अहवाल दर तिमाहीला जिल्हा परिषदेकडे जमा होतील. एकदा ते तुमच्या दप्तरी आले की पालकाला मागता येतात. खरं तर मागायलाही लागू नयेत, कारण अशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचं कर्तव्य याच कायद्याच्या कलम ४ ने तुमच्यावर टाकलेलं आहे.

कंपनी कायद्याकडून फार आशा नाही. कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या खर्चाचा परिणाम काय झाला हे बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेण्याचं बंधन २०२१ मध्ये आलं. पण ते आहे वर्षाला सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त असा खर्च करणं भाग असलेल्या कंपन्यांना, आणि त्यांच्याही १ कोटी किंवा त्यापुढच्या प्रकल्पांनाच. आता गावच्या शाळेचा पाच वर्षांचा आकडा आठवा. ५० लाख. एकेक शाळा हा एकेक प्रकल्प धरला, तर आपल्या खेड्यांतल्या शाळा त्या तपासणीतून सरळ सुटतात. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ही फट आहे आणि ती बुजवायला जिल्हा परिषदेच्या करारातली एक ओळ पुरेशी आहे.

हे सगळं मी ऐकीव गोष्टींवर बोलत नाही. माझ्या शेवटच्या शाळेला एका कंपनीने एका संस्थेमार्फत टॅब आणि मोठा पडदा दिला होता. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली, मुलांच्या हातात टॅब देऊन फोटो काढले. मुलं खरंच हरखली होती, ते नाकारणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटऱ्या फुगायला लागल्या आणि धडे ज्यावर चालत त्या सॉफ्टवेअरची मुदत संपली. संस्थेला फोन केला तर त्यांचा प्रकल्प संपलेला. कंपनीला कळवलं तर त्यांनी पैसे संस्थेला दिलेले. गटशिक्षण कार्यालयात गेले तर आमच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, ही नोंदच नाही म्हणाले. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती, आणि पहिलीतली पोरं मला रोज विचारायची, "बाई, टॅब कधी?"

टॅबचं ठीक आहे. त्या जागी शिक्षक असते तर? पहिली-दुसरीच्या वर्गावर कंपनीने नेमलेली दोन माणसं असती आणि प्रकल्प संपला म्हणून जानेवारीत निघून गेली असती तर?

असं घडलेलं आहे का, हे पाहायला आपल्याला जरा लांब जावं लागेल. अडचणीतल्या प्राथमिक शाळा कंपन्यांकडे चालवायला देण्याचा प्रयोग अमेरिकेत आपल्या कितीतरी आधी झाला. बाल्टिमोर शहराने १९९२ मध्ये नऊ शाळा एज्युकेशन अल्टर्नेटिव्ह्ज नावाच्या कंपनीला दिल्या आणि मुदत पुरी व्हायच्या आधीच करार मोडला. फिलाडेल्फियात तर २००१ च्या अखेरीस राज्याने शहराची सगळी शाळाव्यवस्थाच ताब्यात घेतली आणि २००२ मध्ये ४५ शाळा सात बाहेरच्या संस्थांना वाटल्या. त्यातल्या २० एकट्या एडिसन स्कूल्स या कंपनीला मिळाल्या. ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती. त्याच वर्षी तिचा शेअर कोसळला. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने तिच्यावर ठपका ठेवला, कारण जो पैसा तिच्या हाती कधी आलाच नव्हता, शिक्षकांचे पगार वगैरे म्हणून तिथल्या स्थानिक शिक्षण विभागांनीच परस्पर चुकता केला होता, तोही तिने आपल्या महसुलात दाखवला होता आणि गुंतवणूकदारांना ते नीट सांगितलं नव्हतं. शाळा सुरू व्हायला थोडे दिवस उरले असताना कंपनीने दिलेली पुस्तकं, संगणक, वाद्यं ट्रकमध्ये भरून परत नेली गेली, असं तिथल्या वर्तमानपत्रांनी छापलं. पैशांची चणचण होती म्हणे.

२००७ मध्ये रँड आणि रिसर्च फॉर अॅक्शन या संस्थांनी अभ्यास केला. बाहेरच्या संस्थांनी चालवलेल्या शाळांना जादा पैसा मिळूनही तिथली मुलं बाकीच्यांपेक्षा पुढे गेल्याचं दिसलं नाही. ज्या शाळा शहराच्या शिक्षण विभागाने स्वतःकडेच ठेवून, जादा मदत देऊन सुधारल्या, तिथे गणितात फरक पडलेला दिसला. २००८ मध्ये शहराने काही शाळा परत घेतल्या. हे सगळं आपल्याला कळतं कशामुळे? तिथे करार लोकांसमोर होते, निकाल शाळेगणिक प्रसिद्ध होत होते, पालक सभांना जाऊन भांडत होते. प्रयोग फसला आणि तो फसला हे दिसलं. आपल्याकडे फसला तर तो दिसण्याची सोय काय आहे?

लायबेरियाचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण तिथली गरिबी आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या मुलांना ओळखीची वाटेल. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने ९३ सरकारी प्राथमिक शाळा आठ खासगी संस्थांना चालवायला दिल्या. पहिल्या वर्षी त्या शाळांतली मुलं खरोखरच जास्त शिकली, हे मान्य केलं पाहिजे. मात्र त्या शाळांना शिक्षकही जास्त दिलेले होते आणि खर्चही जास्त झाला होता. शिवाय त्यातल्या एका मोठ्या कंपनीने आधीच्या शिक्षकांपैकी बहुतेकांना काढून टाकलं आणि वर्गातल्या मुलांच्या संख्येवर मर्यादा घातली. मर्यादेबाहेरची मुलं शाळेतून गेली. काढलेले शिक्षक आणि निघालेली मुलं सरकारने सांभाळायची आणि निकाल कंपनीने मिरवायचा, असा तो प्रकार झाला.

सातपुड्यात नोकरी केलेल्या कुणालाही हे वाचून धडकी भरेल. तिथल्या पाड्यांवरची पावरा आणि भिल्ल कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुलं बरोबर जातात. होळीला सगळे परत येतात, होळी आटोपली की काही पुन्हा निघतात. मूल पटावर असतं, वर्गात नसतं. घरात पावरी किंवा भिलोरी बोलणारं हे मूल होळीला परत येतं तेव्हा त्याची मराठी मागे गेलेली असते आणि गुरुजींना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्या संस्थेला वर्षाअखेर मुंबईच्या कार्यालयात प्रगतीचा आलेख दाखवायचा आहे, तिला हे मूल अडचणीचंच वाटणार. ते पटावरून गळालं तर आलेख वर जाईल. वाईट माणसं असतील म्हणून असं होतं असं नाही. तुम्ही फक्त सरासरी मोजायला सांगितलीत की हे आपोआप होतं. म्हणून माझा आग्रह आहे की कराराच्या पहिल्या दिवशी पटावर असलेल्या प्रत्येक मुलाचा हिशेब मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत द्यावा लागेल, अशी अट घाला. स्थलांतरात गेलं असेल तर कुठे, परत आलं का, दुसऱ्या शाळेत गेलं असेल तर कोणत्या. सरासरीच्या आधी हा हिशेब वाचला जावा.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत सगळं आलबेल आहे, असा दावा मी करणार नाही. रिक्त पदं आहेत, शिक्षकाला निवडणुकीपासून सर्वेक्षणांपर्यंत सगळी कामं आहेत, आणि हजेरी लावून गायब होणारेही काही आहेत. पालक पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये मुलं बसवतात ते उगाच नाही. पण या शाळेवर गावाचा एक धाक अजून शिल्लक आहे. शिक्षक मिळत नाही म्हणून गावकऱ्यांनी शाळेला कुलूप ठोकलं, ही बातमी तुम्ही दरवर्षी वाचता. कधी मुलांना टेम्पोत बसवून थेट जिल्हा परिषदेच्या आवारात शाळा भरवतात. तुम्हाला त्याचा त्रास होतो हे मला कळतं, मी टेबलाच्या तुमच्या बाजूला उभी राहिले आहे. पण कुलूप लागलं की गटशिक्षणाधिकारी त्याच दिवशी गावात येतात, हेही खरं आहे. कंपनीच्या शाळेत शिक्षक आला नाही तर शहाद्याच्या किंवा शिरपूरच्या गावकऱ्याने कुलूप कुठे ठोकायचं? बेंगळुरूला जाऊन? शिक्षण हक्क कायद्यात तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची सोय आहे, म्हणजे तुमच्याकडेच. तुम्ही करार केला आहे म्हणून तुम्हीच उत्तरदायी आहात, कंपनीकडे बोट दाखवता येणार नाही, हे तुमच्या सहीखाली लेखी असायला हवं.

यात लोकप्रतिनिधींनी विचारणा करायची असते. पण जळगाव जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. शिक्षण समितीत सदस्य बसून प्रश्न विचारताहेत, फाइल मागवताहेत, हे ज्या काळात घडत नाही, त्या काळात दीर्घ मुदतीचे करार तर मुळीच होऊ नयेत. दहा वर्षं म्हणजे आज जन्मलेलं मूल चौथी पार करतं.

मुदत संपल्यावर काय, हाही प्रश्न आहे. नाव उतरवण्याचं काम सोपं आहे. पण इमारतीच्या दुरुस्तीला जोडलेले पंखे, सौरपॅनेल, पाण्याची टाकी, संगणक हे शाळेचे की कंपनीचे? मुलांची जी माहिती कंपनीच्या अॅपमध्ये वर्षानुवर्षं साठली, नाव, जात, आईवडिलांचा फोन, चाचणीचे गुण, ती कुणाकडे राहणार? वस्तू आल्या त्या दिवशीच डेडस्टॉकला चढल्या आणि शाळेच्या मालकीच्या झाल्या पाहिजेत. मुलांची माहिती शाळेबाहेर जाता कामा नये. आणि कंपनी मध्येच निघाली तर त्या वर्षाचं शिक्षण थांबणार नाही एवढी तजवीज तिने आधी करून ठेवली पाहिजे. मग तिचा शेअर वर असो की खाली.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर कंपन्या येणारच नाहीत. काही येणार नाहीत. ज्यांना फक्त फलकावर नाव आणि अहवालात फोटो हवा आहे त्या जातील, आणि त्याचं आम्हाला दुःख नाही. ज्यांना खरोखर मुलांसाठी काही करायचं आहे त्यांना ग्रामसभेत अर्धा तास बसायला काय हरकत असावी? आपल्या भागधारकांसमोर त्या दरवर्षी बसतातच.

आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आजवर कोणत्या शाळांसाठी असे करार किंवा सामंजस्य करार झाले, कुणाशी, किती मुदतीसाठी, आणि कुठल्या प्रस्तावांवर विचार चालू आहे, त्याची यादी आपण प्रसिद्ध करावी. प्रत्येक कराराची मराठी प्रत त्या त्या शाळेत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. पुढच्या करारांसाठी मी वर लिहिलेल्या अटींपैकी कोणत्या आपल्याला मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, हे कारणांसह लेखी कळवावं. उत्तर आलं की ते आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणि नंतर ग्रामसभेत वाचलं जाईल. तालुक्यातल्या इतर गावांनीही आपापल्या ग्रामसभेत हाच ठराव घ्यावा, अशी विनंती मी त्यांना स्वतंत्रपणे करते आहे. ठरावाच्या प्रती आपल्याकडे येतील, त्या आवक नोंदवहीत घेऊन पोच द्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
ता. अंमळनेर, जि. जळगाव